सुई मी देणार नाही

मंडळी, आज दुपारी मी आमच्या डॉक्टरांना स्पष्ट नाही म्हटलं. राग अजून गेलेला नाही.

मी कतारगामला दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. आमच्या धुळ्याकडचे इथे यंत्रमागावर काम करणारे एक लूमवाले काका दाढ काढायला आले होते. डॉक्टर शहराबाहेर कामरेजला अडकलेले. फोनवर गुजरातीत म्हणाले, "बेन, इंजेक्शन तू आपी दे, हुं आवुं छुं." म्हणजे इंजेक्शन मीच देऊन टाकायचं, ते येतायत.

मी म्हटलं, "सर, औजारं तयार ठेवते, सक्शन धरते. सुई तुम्हीच द्या."

तर काकाच चिडले. "माय, तूच दी टाक ना! तू आपली शे. माले पाळीवर जानं शे."

आपली म्हणून भरवसा! सहा वर्षं रोज बघतेय, सुई कुठे टोचायची ते पाठ आहे मला. पण मी डॉक्टर नाही. आणि काही झालं तर "हिनेच दिली" म्हणायला सगळे मोकळे.

काका पाऊण तास गाल धरून बसले. डॉक्टर आले, सुई त्यांनीच दिली. माझ्याशी बोलले नाहीत. नका बोलू.

नुसता पांढरा कोट बघून 'आ' करू नका. आधी विचारा, "ताई, तुम्ही डॉक्टर का?" मला राग येणार नाही. ज्याला येईल, त्याच्यासमोर तोंड उघडाल का?