गर्ट्रूडचं सोनं

निघायच्या दिवशी विरजण लागलं नव्हतं. आईनं भांडं तिरकं करून पाहिलं, दूध तसंच पाण्यासारखं हललं आणि तिचं तोंड उतरलं. आमच्याकडं लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. "साखर खा, साखरेनंबी चालतं," ती म्हणाली. चालत असेलही. पण मी मुळातच भित्रा माणूस. सोलापूरला गाडीत बसल्यापासून डोक्यात एकच: दही खाल्लं नाही, आता काय काय होणार!

विट्याकडची आमची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, त्यातला डाग काढून, शुद्ध करून देणं. माझी शाळा आठवीत सुटली आणि मीही भट्टीपाशी बसलो. साताऱ्यात बरी चाललेली, पण चेन्नईच्या मामांना विश्वासाचा माणूस हवा होता. त्यांनी हाक मारली म्हणून मी निघालो. नाहीतर मला कोण विचारतं?

गुंटकल मागं पडलं आणि झोप लागली. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर ताडाची झाडं, भाताची खाचरं आणि डब्यात सांबाराचा वास. समोरच्या बाईंनी विचारलं, "साप्टियाच्चा?" (जेवलास का?) मला वाटलं, तिकीट विचारतायत. मी तिकीट काढून दाखवलं. सगळा डबा हसला, आणि त्यांनी केळीच्या पानातली एक इडली माझ्या हातावर ठेवली. हसून झाल्यावर खायला घालणारी माणसं आहेत, एवढं मला तिथंच कळलं.

मामा स्टेशनवर लुंगी नेसून आले होते. मी ओळखलंच नाही. "अरं संपत, तोंड काय बघतोस, पिशवी उचल," म्हणाले तेव्हा जिवात जीव आला. जॉर्ज टाउनमध्ये त्यांचं दुकान म्हणजे एका अरुंद जिन्यावरची खोली. खाली हातगाड्या, कांद्याची पोती, मोगऱ्याचे गजरे आणि लांबून बंदरातल्या बोटीचा भोंगा. दुपारी जेवायला खानावळीत गेलो. पानावर भाताचं आळं करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाढप्यानं रसम ओतलं ते भाताला वळसा घालून थेट माझ्या विजारीवर. मामा म्हणाले, "आता तू चेन्नईचा झालास."

आठवडाभरानं, शनिवारी सकाळी, एक म्हाताऱ्या बाई कठड्याला धरून जिना चढून आल्या. फुलाफुलांचा फ्रॉक, पांढरे आखूड केस, हातात छत्री. मी मोडक्या हिंदीत "बैठिए" म्हणालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठला रे तू? सातारा-सांगली?"

मी उडालोच. त्यांचा नवरा रेल्वेत इंजिन चालवायचा. दौंडला क्वार्टरमध्ये सगळं तरुणपण गेलं, आता पेरांबूरला मुलाकडं. "मराठी मी बाजारात शिकली," त्या म्हणाल्या, "म्हणून भांडायला चांगली येते." नाव गर्ट्रूड. मी गर्ट्रूड आंटी म्हणायला लागलो.

रुमालातून त्यांनी एक सोन्याचं पदक काढलं. झिजून पापडासारखं झालेलं, कडेला चिरलेलं. त्यावर एक बाई, हातात उंच काठी, आणि काठीवर चढणारे उंदीर.

"उंदीर? मग ही तर आमच्या गणपतीची पाहुणी," मी म्हणालो.

"पाहुणी नाही रे, पाहुण्यांची आई. बस, सांगते."

मूस (सोनं वितळवायचं भांडं) तापत होती, तोवर त्यांनी सांगितलं. गर्ट्रूड हे जर्मन लोकांचं फार जुनं नाव. 'गेर' म्हणजे भाला आणि 'ट्रूड' म्हणजे बळ. "भाल्याचं बळ! आणि ठेवलं कुणाला, तर माझ्यासारख्या काडीला." पहिली नावाजलेली गर्ट्रूड तेराशे वर्षांपूर्वीची, आता ज्याला बेल्जियम म्हणतात तिकडची. बाप राजाचा मोठा कारभारी. राजानं भरल्या पंगतीत विचारलं, या सरदाराच्या मुलाशी लग्न करशील का? पोर एवढीशी, पण नाही म्हणाली. बाप गेल्यावर जो तो मागणी घालायला लागला. मग आईनं एक दिवस कात्री घेतली आणि स्वतःच्या हातानं तिचे केस कापले. जोगीण झाली म्हटल्यावर कोण नेणार? मायलेकींनी मठ बांधला. ती मठाची मुख्य झाली, आणि वाटसरू कुठूनही येवो, त्याला दार उघडं. तरुणपणीच गेली. पुढं लोक तिला प्रवाशांची राखणदार मानायला लागले. उंदीरही तीच पळवते म्हणे.

"आणि दुसरी?" मी विचारलं. दुसरी आहे हे त्या आधीच बोलून गेल्या होत्या.

"दुसरी सहाशे वर्षांनी. तिला पाच वर्षांची असताना मठात आणून सोडली. कुणी सोडली, आईबाप कोण, काही माहीत नाही. पण पोरगी शिकली, रे! एवढी शिकली, की तिनं लिहिलेलं अजून वाचतात."

मी मुशीकडं बघत राहिलो. घर सोडून आलेल्यानं एवढं शिकावं! मला कौतुक वाटलं आणि थोडं लाजल्यासारखंही झालं. (नंतर मोबाइलवर पाहिलं. काही जाणकार म्हणतात, 'ट्रूड'चा अर्थ बळ नसून 'प्रिय' असाही असेल. चुकीचं लिहायला नको म्हणून सांगून ठेवतो.)

पदक त्यांच्या आईचं होतं, तीही गर्ट्रूड. आईला तिच्या आजीकडून मिळालं, तेव्हाही ते मोडून नव्यानं घडवलेलं. उद्या रविवारी नातीचा बाप्तिस्मा, म्हणजे चर्चमधलं बारसं. नाव तेच. याच सोन्याचं नवं पदक पेरांबूरचा त्यांचा आसारी (सोनार) आजच करून देणार होता.

"पोरा, हेच सोनं हं. दुसरं नको. या सोन्यानं सगळ्या गर्ट्रूड बघितल्या."

मी शब्द दिला. नव्या मुशीत वेगळं वितळवलं, तेजाबात (ॲसिडमध्ये) घातलं आणि भांडं खिडकीत बाजूला ठेवलं. आंटी आर्मेनियन स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये जाऊन येते म्हणाल्या. एवढ्यात मामा आले, आणि मला एक माल घेऊन टी. नगरला जावं लागलं. साड्यांच्या दुकानांसमोरची ती गर्दी, त्यात बस अडकलेली. छातीशी पिशवी धरून मी रस्ताभर घामाघूम.

परत आलो तर आंटी येऊन गेल्या होत्या.

"म्हातारं माणूस किती वेळ बसवायचं?" मामा म्हणाले. "तयार तुकडा होता, देऊन टाकला. वजन तेवढंच, कस तोच."

खिडकीतल्या भांड्यात आंटींच्या आईचं सोनं तसंच बसलेलं. मामांची चूक तरी कशी म्हणू? आमच्या धंद्यात असंच चालतं. गिऱ्हाइकाला वाट बघायला लावायची नाही, वजनाला वजन, कसाला कस.

"मामा, त्यांना तेच पाहिजे होतं."

"सोनं ते सोनं, संपत. त्याला काय तोंड असतं?"

"मी शब्द दिलाय."

मामांनी खिडकीतलं भांडं उचललं. मला वाटलं, आता गावाकडचं तिकीट. मामांच्या डोळ्यांसमोर असणार: दुकानाचं नाव जाईल, बाई चार ठिकाणी सांगेल, इतक्या वर्षांची पत बुडेल. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? नाही सांगितलं तर जगात कुणालाही कळणार नव्हतं. मामांनी ते सोनं पाण्यात धुतलं, वितळवून त्याची गोळी केली, वजन केलं आणि पुडीत बांधलं. "जा," म्हणाले. "पण आधी दोन घास खा. उपाशीपोटी तुझी बोबडी वळते."

ब्रॉडवेहून पेरांबूरची बस धरली. पत्ता विचारायचं सुचलं नव्हतं. उतरल्यावर चहाच्या टपरीवर म्हणालो, "गर्ट्रूड आंटी?"

टपरीवाला म्हणाला, "एंद गर्ट्रूड?" (कोणती गर्ट्रूड?)

मग चहा पिणाऱ्यांची सभाच भरली. शाळेतल्या गर्ट्रूड टीचर? नर्स गर्ट्रूड? केक करणारी? एकजण म्हणाला, ती तर मागच्या वर्षी वारली. ज्या नावाचं मला सकाळपर्यंत काही माहीत नव्हतं, त्याच्या इथं इतक्या बायका! मी घाबरून हिंदीत म्हणालो, "मराठी बोलती है, भांडण करती है."

"ओ, पूना आंटी!" सगळे एकदम ओरडले. "मघापासून आसारीकडं बसलीय. डावीकडं, तंबी (धाकट्या)!"

आसारीच्या दुकानात आंटी स्टुलावर बसल्या होत्या. तो पितळी दिव्याखाली वाकून कोरत होता. तुकड्याचा पत्रा ठोकून झालेला, गोल कापलेला, बाई आणि काठी उमटलेली, काठीवर एक उंदीरही चढलेला. मी जे काही सांगितलं ते उलटंसुलटं सांगितलं. पुडी पुढं केली.

आंटींचा चेहरा पडला. आसारी म्हणाला, "आंटी, सेम सोना है. वजन सेम. देखो, चूहा भी हो गया!"

आंटींनी एका तळहातावर ते नवं गोल घेतलं, दुसऱ्यावर माझी गोळी. आलटून पालटून पाहिलं.

"मला तर काही कळत नाही रे यातलं कुठलं काय," त्या हळू म्हणाल्या. "मी उद्या हेच तिच्या गळ्यात घातलं असतं. तू कशाला आला?"

"तुमच्या आईचं आहे म्हणालात."

त्यांनी गोळी असलेली मूठ मिटली. मग आसारीकडं वळून असं काही तमिळ बोलल्या, की दौंडच्या बाजारात त्या कशा भांडत असतील ते मला दिसलं. आसारीनं कपाळावर हात मारला, "परवायिल्ल (असू दे)," म्हणाला, आणि फुंकणी उचलली.

काम होईपर्यंत मला त्यांनी घरी नेलं. शनिवार म्हणून मी मटण खात नाही म्हटल्यावर, "तू आणि तुझा मारुती!" म्हणत भात, पेपर-वॉटर (त्यांच्याकडचं मिरीचं तिखट सार) आणि बटाट्याच्या काचऱ्या वाढल्या. इतक्या दिवसांनी घरातल्या ताटात जेवलो. सुनेनं बाळ आणून दाखवलं. काळंभोर जावळ, मुठी आवळलेल्या. भाल्याचं बळ जांभई देत होतं.

निघताना आंटी म्हणाल्या, "थांब. गर्ट्रूडच्या घरून असं जायचं नसतं. तिकडं पूर्वी प्रवासाला निघताना तिच्या नावानं एक पेला प्यायचे. माझी आई द्राक्षाची वाइन द्यायची."

"मी पीत नाही, आंटी."

"माहीत आहे. तोंडावरूनच कळतं." आत जाऊन त्यांनी मोर (ताक) आणलं. वर कढीपत्ता, कणभर मीठ. मी उभ्यानंच प्यायलो. शेवटच्या घोटाला ध्यानात आलं, गावाहून निघताना राहिलेलं दही ते हेच.

ते एका उंदराचं गोल घेऊन मी जॉर्ज टाउनला परतलो. मामांनी ते दिव्यापाशी धरून पाहिलं. "बया, काय नाजूक काम!" म्हणाले. मग मुशीत टाकलं. टी. नगरमधल्या कुणाच्या तरी मंगळसूत्रात आता तो उंदीर आहे.

जत्रेला गावी गेलो तेव्हा हे सगळं आईला सांगितलं. तिनं चेन्नईचं, समुद्राचं काही विचारलं नाही. परत निघायच्या सकाळी विरजण छान घट्ट लागलं होतं. तिनं माझ्या हातावर दही घातलं आणि चमचा तसाच धरून थांबली.

"ती पाच वरसाची पोर. तिला मठात सोडताना तिच्या हातावर कुणी काय घातलं असंल रं?"

"माहीत नाही, आई. कुणालाच माहीत नाही."

तिनं भांड्यातून आणखी एक चमचा काढला आणि माझ्या हातावर घातला. मी तोही खाल्ला.