मेंढरांच्या मिठाचा दगड
खडेमिठाला पाणी सुटलं की मला कयाधूकाठचा आमचा मेंढवाडा आठवतो. नदीच्या दरडीत सापडलेल्या एका खाचांच्या दगडावर माझे घरधनी मेंढरांना चाटायला मीठ टाकायचे. एकदा कॉलेजातले एक सर तो पाहून खालीच बसले. "हा हत्तीचा दात आहे, हजारो वर्षांपूर्वीचा. परदेशात वाळवंटातल्या मिठाच्या तळ्यांपाशी असे अवशेष तिथलं सरकार कुंपण घालून जपतं. मी उद्या गाडी आणतो." घरधनी वरमले, "आमी तर त्याच्यावर मीठ टाकून राहिलो, सर." सर गेल्यावर मी दात घासून धुतला, हळद-कुंकू वाहून उन्हात ठेवला. वाळता वाळता मुरलेल्या मिठानं त्याचे पापुद्रे सुटले, संध्याकाळी नुसता भुगा उरला. सर आले तेव्हा घरधनी म्हणाले, "मेंढरांनी फोडला, सर." आता घरधनी नाहीत, मेंढरंही नाहीत. तो मी धुतला होता, हे ज्याच्यापाशी कबूल करावं असं कुणीच उरलं नाही.