चोरीची शिडी

"चोर! चोर! जाड्याची शिडी चोरली!"

मॅटिनीला पिटातून, म्हणजे पडद्यापुढच्या स्वस्त जागांतून, ओरडा सुरू झाला तेव्हा मी पडद्याशेजारी स्टुलावर उभा होतो. सिनेमा मुका, पाट्या इंग्रजीत. सोलापुरात त्या वाचणारे मोजके, म्हणून मोठ्यानं गोष्ट सांगायला थिएटरात माणूस ठेवत. तो माणूस मी. लोक मला मास्तर म्हणत, शाळेत मी कधी शिकवलं नसलं तरी.

आदल्या आठवड्यात समोरच्या थिएटरात एका जाड्या विलायती नटाचं चित्र होतं. खांद्यावर शिडी घेऊन तो वळतो, शिडी मागच्याला बसते. मागचा वाकतो, शिडी उलट फिरून पुढच्याला बसते. आमच्याकडे दुसरा नट होता, लोक त्याला लंबू म्हणत. त्यानंही शिडी घेतली, वळला आणि हाणली.

मालक चनबसप्पा धावत आले. सचोटीचा त्यांना फार अभिमान. थिएटरचं नाव त्यांनी मुंबईच्या एका थिएटरावरून उचललं होतं आणि हँडबिलाचा मजकूर समोरच्यांकडून, ते वेगळं.

"मास्तर, चोरीचा माल दाखवतोय काय आपण?"

"मालक, चोरी विलायतेत झाली. आपण नुसती भाड्यानं आणलीय."

"ते काय न्हाय. लोक समोर जातील की. शिडी कापा."

मशीन चालवणारे ऑपरेटर उस्मानभाई म्हणाले, "मालक, ये सिडी तो मैं सर्कस में देख्या. जोकर के पास थी."

दारावरच्या माणसानं ती जत्रेत तमाशात पाहिली होती.

"म्हंजे लई जणांनी चोरलीय," मालक म्हणाले. "मग तर कापाच."

उस्मानभाईंनी तुकडा कापून डब्यात ठेवला आणि फिल्मची टोकं चिकटवली. आता पंचाईत माझी. लंबू दारात हसत उभा, आणि लगेच डोक्याला पट्टी, मागे हवालदार. मधे काय घडलं ते कुणाला कळणार?

"ते तुमी बोलून भरा," मालक म्हणाले. "लोक हसले न्हाईत तर सोमवारपासनं बापूरावांना आणतो."

बापूराव म्हणजे समोरच्या थिएटरातले मास्तर. ही नोकरी जाऊन मला चालणार नव्हतं. दुसरं कामही येत नव्हतं. गिरणीतून मला आधीच घरी पाठवलं होतं, सुतापेक्षा गप्पा जास्त विणतो म्हणून.

संध्याकाळच्या खेळाला ती जागा आली. पडद्यावरचं दाखवायची काठी मी खांद्यावर घेतली. आमच्या पिटात उजवीकडे विणकर बसत, घरी तेलुगू बोलणारे. डावीकडे अक्कलकोटकडची कानडी मंडळी, मधे बाकीचे.

"लंबूनं शिडी उचलली!" म्हणत मी उजवीकडे वळलो. "निच्चेन वच्चिंदि!"

शिडी आली म्हटल्यावर अख्खी उजवी बाजू खाली वाकली. मी गर्रकन डावीकडे वळलो. "एणी बंतु!" डावी बाजू वाकली. मधले दोन्हीकडे बघून हसत होते, तेवढ्यात "शिडी आली!" तेही वाकले. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. दारात उभे असलेले मालक दोनदा वाकले, आधी कानडीला, मग मराठीला.

आठवडाभर लोक नसलेली शिडी बघायला आले. मला फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात समोरच्यांनी जाड्याचं चित्र परत लावलं. तेही शिडी कापून! मालक मला घेऊन तिथं गेले, चोरी पकडायला.

बापूराव पुण्याकडचे. तेलुगू-कानडीचा गंध नाही. माझी वाक्यं मात्र त्यांनी चोख पाठ केली होती. काठी खांद्यावर घेऊन ते विणकरांकडे वळले आणि गरजले, "एणी बंतु!"

कुणी हललं नाही. ते कानडी बाजूला वळले. "निच्चेन वच्चिंदि!" तिकडेही सामसूम.

एक विणकर उठून म्हणाला, "ओ मास्तर, ते आमचं न्हाय, तिकडचं हाय की!"

मग लोक हसले, पण ते बापूरावांना.

बाहेर येताच मालक म्हणाले, "पकडली चोरी! कोर्टात जाऊ."

"जाऊ की. पण साक्षीला आधी लंबूला बोलवावं लागेल, आणि त्यानं शिडी कुठून उचलली तेही निघेल."

मालकांनी थोडा विचार केला. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

पडद्यावरची माणसं स्वतः बोलायला लागेपर्यंत माझी नोकरी टिकली. तोवर मी एवढंच शिकलो. शिडी कुणाचीही उचलावी. वळायच्या आधी कुठल्या बाजूला कोण बसलंय, तेवढं बघावं.