पाचातले दोन

मी इंग्लंडमध्ये रीडिंग गावात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. दिवसभर दर दहा मिनिटांना नवा माणूस समोर. त्यात दहा मिनिटं गुडघ्याबद्दल बोलणारा गृहस्थ उठून दाराशी जातो, दाराची मूठ धरतो आणि म्हणतो, डॉक्टर, छातीतही जरा दुखतं. मग त्याला परत बसवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मला कुणी काही विचारू नये असं वाटतं.

त्या आठवड्यात मात्र घरात एकच घोळ चालला होता. लेकीच्या मेडिकलच्या अर्जात अमेरिकेतले मार्क लिहायचे की नाही?

नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला दोन वर्षं अमेरिकेत पाठवलं होतं. तिकडे शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय घेता येतात, एपी म्हणतात त्याला, आणि मार्क पाचापैकी. लेकीला बायोलॉजीत पाच मिळाले. पेढे वाटले, पुण्याला फोन झाले. केमिस्ट्रीत मिळाले दोन. त्याचे कुठले पेढे! तो विषय आम्ही घरातल्या घरात गिळून टाकला. मग रीडिंगला परतलो आणि तिने ए-लेव्हल, म्हणजे इथल्या बारावीच्या परीक्षा, सुरू केल्या.

लंडनजवळ पिनरला माझे चुलत दीर राहतात. त्यांची दोन्ही मुलं डॉक्टर, त्यामुळे सल्ला न मागता मिळतो. भाऊजी म्हणाले, पाच लिहा, दोन सोडा, तिकडचं इथे कोण उकरत बसतंय. नवऱ्याला लगेच पटलं. शाळेतल्या टीचर म्हणाल्या, दिलेली प्रत्येक परीक्षा लिहायची, नाहीतर पुढे मिळालेली जागाही जाईल. शेवटी मी युनिव्हर्सिटीलाच विचारलं. उत्तर आलं, लिहा सगळं, पण आम्ही धरणार फक्त ए-लेव्हल. म्हणजे पाचाला किंमत नाही आणि दोन लपवायची सोय नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मला अगदी वीट आला होता.

शनिवारी दुपारी जाहीर केलं, सगळं लिहायचं, आता वाद नको. नवरा उठून मागच्या बागेत गवत कापायला गेला. लेकीला शेजारी बसवून पाच लिहिले, दोनही लिहिले. मग मला एक वाट सुचली. टीचर रेफरन्समध्ये, म्हणजे शिफारसपत्रात, दोन ओळी घालतील, की त्या वर्षी पोरगी नवीन देशात, नवीन शाळेत होती, म्हणून केमिस्ट्री हुकली. ती नुसतं हं हं करत होती. सुटले बाई एकदाची, म्हणत मी लॅपटॉप मिटला.

ती उठली, दाराशी गेली आणि मूठ धरून उभी राहिली.

"आई, टीचरना ते लिहायला सांगू नको ना. नुसते दोन राहू देत."

"अगं, पण का?"

"युनिव्हर्सिटीनेच नाही म्हटलं तर बरं होईल. मग मेडिकल नको हे मला तुम्हाला सांगायला नको."

मला राग आला, एवढा सगळा आटापिटा कुणासाठी केला म्हणून. मागे गवत कापायचं मशीन चालूच होतं. ती दाराची मूठ सोडत नव्हती, आणि माझ्याकडे बघतही नव्हती.

मी तिची खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"ये, बस," म्हटलं. "पहिल्यापासून सांग."