फोनमधला भोंगा
आमच्या ढोकीच्या साखर कारखान्याचा भोंगा झाला की मला पुण्यातलं कॉल सेंटर आठवतं. तिथं एका दुपारी एक म्हातारा टीव्हीची डिश बंद पडली म्हणून फोनवर शिव्या देत होता, मी सवयीनं माफी मागत होते. तेवढ्यात त्याच्या मागं हाच भोंगा वाजला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, ढोकीचा भोंगा ना?" त्यानं शिव्या थांबवल्या. मग म्हणाला, "व्हय. तू हिकडलीच का गं? जेवलीस का?" गाव सांगायला मनाई होती. मी विचारलं, "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी साहेबांनी तो कॉल सगळ्यांना ऐकवला आणि भोंग्याबद्दल माझे मार्क कापले. शिव्यांबद्दल कुणीच बोललं नाही, मीसुद्धा. आता मी घरी असते. आई "जेवलीस का" विचारते, तेव्हा मी अजून आधी मागं वळून बघते, साहेब ऐकत तर नाहीत ना.