तोड मंजूर

कारखान्यात नोकरीला असलेल्या माणसाकडे आमच्या भागात लोक दोनच गोष्टी मागतात. पोराला कुठंतरी चिकटवा, नाहीतर उसाची तोड लवकर लावा. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आपणहून सांगून टाकलं होतं की माझ्यासाठी काही करू नकोस, पाळीनं येईल तेव्हा येईल. मीही ते शब्दशः धरलं. आमचं रान निमगाव केतकीच्या पुढं. पाळी येईपर्यंत दरवर्षी उसाला तुरा फुटायचा, वजन घटायचं, आणि पारावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणायचंच, "पोरगी कारखान्यात आन् बापाचा ऊस तुऱ्यावर." आबा हसण्यावारी न्यायचे. निदान मला तसं वाटायचं.

मी बारामतीला राहते. कारखान्याच्या शेतकी विभागातले संगणक माझ्याकडे असतात. कुणाचा ऊस कधी लावला, कुणाची पाळी कधी, ऊस तोडणाऱ्यांची कुठली टोळी कुठल्या गावात, सगळं त्यात. कारखान्याचं नाव सांगून काही साधणार नाही, म्हणून सांगत नाही.

त्या वर्षी वरच्या लोकांना नवं सॉफ्टवेअर घ्यायची हौस आली. पावसाळ्यात उरकायचं काम दिवाळीनंतर निघालं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतात ना, तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळपाच्या गव्हाणीत उसाची मोळी पडून हंगाम सुरू व्हायचा होता, बीडच्या टोळ्या गावोगाव पाचटाच्या कोप्या घालून कामाची वाट बघत बसल्या होत्या, आणि आमची सगळी माहिती अजून जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात जायची होती. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं होतं, चहा होईपर्यंत संपेल. चहा झाला, नाष्टा झाला, पडद्यावरची हिरवी पट्टी जागची हलेना. या गतीनं माहिती जायला आठवडा लागला असता, आणि उद्या वजनकाट्यावर पहिली गाडी उभी राहिली की तिची नोंद कशात करायची, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेतकी अधिकारी दर थोड्या वेळानं दारात येऊन नुसते उभे राहायचे. बोलले असते तर बरं झालं असतं.

इंजिनिअरनं अँटीव्हायरस बंद करून पाहिला. डिस्कवर जागा मोकळी केली. बाकीच्या सगळ्यांना संगणकावरून उठवलं. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमचा सर्व्हरच म्हातारा झालाय." मला ते पटेना. म्हातारा माणूस कामाला लावला तर धापा टाकतो. हा सर्व्हर अगदी निवांत होता, ना मेमरी भरलेली, ना प्रोसेसरवर ताण. एक नोंद लिहायचा आणि थांबायचा. पुढची लिहायचा, पुन्हा थांबायचा. हा कुणाची तरी वाट बघतोय, एवढं मला कळत होतं. कुणाची, ते कळत नव्हतं.

तेवढ्यात शेतकी अधिकाऱ्यांच्या खोलीतला फोन वाजायला लागला. एक झाला की दुसरा. सणसरच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "सायेब, तोड मंजूर झाल्याचा मेसेज आलाय, टोळी घालू का?" अधिकारी चक्रावले. यंदाची एकही तोड अजून कुणी मंजूर केली नव्हती. मला मात्र सर्व्हर कुणाची वाट बघत होता ते त्या क्षणी उमगलं.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी कधीतरी एक सोय करून ठेवली होती. शेतकऱ्याच्या नावापुढं 'तोड मंजूर' असं लिहिलं गेलं की त्याच्या मोबाईलवर आपोआप संदेश जायचा. ती सोय नव्यातही तशीच उचलली होती. आता मागच्या हंगामाची एकेक नोंद नव्यानं लिहिली जात होती, प्रत्येक नोंदीमागं एक संदेश सुटत होता, आणि तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत सर्व्हर पुढं सरकत नव्हता. संदेशात तारीख नव्हती. 'आपल्या उसास तोड मंजूर झाली आहे, टोळीशी संपर्क साधावा', बस्स एवढंच.

तोडलेला ऊस पुन्हा उभा करता येत नाही. पाळी नसेल तर गाडी मिळत नाही, आणि रानात पडलेला ऊस उन्हानं चिपाड होतो. वर्षभर पाणी पाजलेलं पीक आमच्या एका संदेशावर आडवं होणार होतं. घाईत ती सोय बंद करताना पासवर्ड दोनदा चुकला.

बंद केली आणि हिरवी पट्टी पळायला लागली. जेवणाच्या आधी सगळी माहिती नव्यात गेली. इंजिनिअरनं टाळी दिली, अधिकाऱ्यांनी पेढे आणायला माणूस पाठवला. ज्यांना चुकीचा संदेश गेला त्यांना 'आधीचा संदेश रद्द' असा दुसरा पाठवला, आणि आम्ही सगळे फोन करायला बसलो. आमच्या लोकांचं एक चांगलं आहे, कारखान्याच्या कागदावर कुणी सहजासहजी विश्वास ठेवत नाही. जो तो आधी विचारूनच पाऊल टाकणार होता. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांच्यापैकी कुणाच्याही उसाला कोयता लागला नव्हता. आबांचा फोन आलेला नव्हता, म्हणजे त्यांना संदेश गेलाच नसणार, असं मी धरून चालले होते. तरी मन खाई, म्हणून त्यांचा नंबर शोधला. संदेश गेला होता, आणि तोही सकाळी, अगदी सुरुवातीलाच.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा आईनं उचलला.

"त्यांचा फोन हितंच ऱ्हायलाय. त्ये रानात गेल्यात."

"कशाला?"

"मला काय सांगत्यात व्हय? चहाचं मोठं पातेलं घिऊन गेल्यात."

एकट्या माणसाला मोठं पातेलं लागत नाही. मी स्कूटी काढली. इंदापूर रस्त्याला लागले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समोरून येणारा प्रत्येक ट्रॅक्टर मला आमच्याच उसानं भरलेला दिसत होता. अंथुर्णं गाव कधी मागं पडलं तेही आठवत नाही. एवढंच आठवतं, की देवाला सांगत होते, कुणाचाही जाऊ दे, आमचा नको. असं मागू नये, पण मागितलं.

बांधावर पोचले तेव्हा कोयत्यांचा आवाज येत होता. रस्त्याकडच्या सऱ्या आडव्या झाल्या होत्या, मागचा ऊस अजून उभा होता. आबा टोळीतल्या बायाबापड्यांना चहा वाटत फिरत होते. धाकट्या बहिणीच्या लग्नानंतर त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. आडव्या उसापेक्षा मला त्या खुशीचीच जास्त भीती वाटली.

"आबा, तोड थांबवा," मी म्हणाले.

ते लगबगीनं आले आणि दंडाला धरून मला बाजूला घेऊन गेले. टोळीचा मुकादम ऐकत नाही ना हे बघून म्हणाले, "हळू बोल. म्या कुणालाच सांगितलं न्हाय. तुज्या आईलाबी न्हाय. फोनबी मुद्दाम घरी ठिवला, कुनी मेसेज बघून तुज्यावर बोट दावाया नगं म्हणून."

मला आधी काही कळेचना. मग कळलं. साऱ्या तालुक्यानं फोन करून खात्री केली होती, आणि आबांनी केली नव्हती. त्यांना वाटलं होतं, हे मी केलं.

"मला वाटलंच हुतं," ते म्हणाले, "एक ना एक दिस करशील."

सांगावंच लागणार होतं. "आबा, मी काय न्हाय केलं. मशिनीची चूक झाली. मेसेज सगळ्यांना गेलाय."

"सगळ्यांना?"

"व्हय."

त्यांनी वळून मुकादमाला हाक मारली, "मुकादम, हात थांबवा. माजंच वाचायला चुकलं." मुकादम पुटपुटला, बाया कोयते घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मी म्हणाले, "आबा, साहेबांच्या पाया पडते, पण पडलाय तेवढ्या उसाला आजच गाडी लावायला सांगते."

"आता नगं," ते म्हणाले. "लोकं म्हनतील, पोरीनं केलं."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.