हेल्मेटखालचा चेहरा

नवरा गेला, त्यालाही मी हे सांगितलं नाही. बहिणीला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. आणि मधे टोकू नका, नाहीतर मी विषय बदलेन. त्यात मी फार तरबेज आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरच्या धंतोलीतली, कॉलेजात नाटकं करणारी, गोरी, नाकीडोळी नीटस — हो, मला ते पक्कं ठाऊक होतं. मोटारींच्या शर्यतीवरचा एक हिंदी सिनेमा नागपुरात आला. शहराबाहेरच्या रिकाम्या धावपट्टीवर शूटिंग. गोष्टीत एक शर्यतवाला असतो, सिनेमाभर हेल्मेट घातलेला. शेवटी जिंकतो, हेल्मेट काढतो, आणि तेव्हा कळतं — अरे, ही तर मुलगी! तेवढ्या एका चेहऱ्यासाठी मला घेतलं होतं. मला सायकलसुद्धा धड येत नव्हती.

मग गाडी चालवायचं कोणी? सुजातानं. वडिलांचं कामठी रोडला गॅरेज, त्यांनीच तिला शिकवलेलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर. सावळी, रुंद खांद्यांची, हसली की हिरड्या दिसायच्या. वळणावर तिची गाडी तिरपी व्हायची तेव्हा सगळे श्वास रोखून उभे राहायचे. आणि मी? मला वाटायचं, उलटू दे एकदा. देवा! खरंच वाटायचं असं.

शेवटच्या शॉटच्या आदल्या दिवशी डायरेक्टरनं मला बाजूला घेतलं. मुंबईचा माणूस, सरळ स्वभावाचा. म्हणाला, जी चालवते तिचाच चेहरा दाखवू, असा चेहरा आपल्या सिनेमात कधी दिसतच नाही. तुम्हाला दुसरा छोटा रोल देतो. तुम्ही इथल्या आहात, तिच्या घरी जाऊन वडिलांची परवानगी तेवढी घेऊन या.

मी गेले. जायलाच हवं होतं का? नाही म्हणता आलं असतं, रडता आलं असतं, भांडता आलं असतं. मी साडी बदलून गेले.

तिच्या आईनं चहा दिला. मी तो प्यायले — आणि मी इथे चहा पिते याचाही मला तेव्हा अभिमान वाटला, बघा काय माणूस मी! वडील दारातच उभे. "पोरगी दिसन नं सिनेमात, ताई? सारी वस्ती इचारून राहिली." सुजाता आईच्या मागे उभी. माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काय हवंय ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी म्हटलं — थांबा, आता तरी नीट सांगते. मी म्हटलं, "डायरेक्टर म्हणतात, हिचा चेहरा चालणार नाही."

आणि परत येऊन त्याला सांगितलं, "घरचे नाही म्हणतात. त्यांच्यात मुलीचा चेहरा पडद्यावर चालत नाही." त्यांच्यात! ज्या बापानं लेकीच्या हाती स्टिअरिंग दिलं, त्याच्या नावावर मी हे खपवलं. आणि डायरेक्टरनं लगेच विश्वास ठेवला. कुणाविषयी काय बोललं की लोकांना खरं वाटतं, हे मला बरोबर माहीत होतं.

दुसरा दिवस कसा काढला, काय सांगू! सुजाताला हिंदी येत होती, नागपुरात कोणाला येत नाही? दोघं एक वाक्य बोलली असती तर माझं बिंग फुटलं असतं. मी सकाळपासून तिला चिकटून होते. हात धरून, मैत्रिणीसारखी. तरी दुपारी डायरेक्टर आलाच. तिच्यासमोर उभा राहिला. मी तिचा हात सोडला नाही. तो म्हणाला, "बुरा लगा मुझे. लेकिन ज़बरदस्ती तो नहीं कर सकते." तिला वाटलं, तो तिच्या चेहऱ्याबद्दलच बोलतोय. मान खाली घालून म्हणाली, "कोई बात नहीं, साहब." गेली, गाडीत बसली, आणि शेवटची फेरी इतकी सुंदर घेतली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती उतरली. तिचं घामानं ओलं झालेलं हेल्मेट मी डोक्यात घातलं. कॅमेरा सुरू झाल्यावर काढलं, हसले.

सिनेमा सदर भागातल्या टॉकीजला लागला तेव्हा तिची वस्ती दोन रांगा भरून आली होती. मी वरून, बाल्कनीतून बघितलं. माझा चेहरा आला तशा खालच्या शिट्ट्या थांबल्या.

पुढे तिच्या लग्नाला तिनं मला बोलावलं. आग्रहानं. पांढऱ्या साडीत होती. फोटोवाला तिला सारखा पुढे या, वर बघा म्हणत होता आणि ती सारखी मागे सरकत होती. मग तिनं माझा हात धरला. टोमणा नव्हता हो, अगदी मनापासून म्हणाली, "ताई, तुमी समोर या नं. मी मांगं राहतो. माहा चेहरा फोटोत चालत नाही."

तिथे सगळे होते. तिचे वडील होते, तिचा नवरा होता. एका वाक्याचं काम होतं.

मी पदर सारखा केला आणि पुढे जाऊन उभी राहिले.